चाळणीवर उरतं ते फायबर

गेल्या महिन्यात भाचा पुण्याहून आला, तो बॅगेत एक निळा चकचकीत डबा घेऊन. जिममधल्या मित्राच्या सांगण्यावरून हजारभर रुपये मोजून आणलेलं फायबर. रात्री जेवणं झाल्यावर त्यानं पेलाभर पाण्यात चमचाभर भुकटी ढवळली आणि गप्पा मारत बसला. पाच-सात मिनिटांनी पाहतो तर पेल्यात खळ झालेली. आईनं चमचा घालून ती वर उचलून बघितली आणि म्हणाली, “अरे, हे तर इसबगोल!”

“नाही गं आजी, सिलियम हस्क आहे.”

“असेल. माझ्या फडताळात पण आहे. मागितलं असतंस तर दिलं असतं.”

दोघांचंही बरोबर होतं. सिलियम म्हणजेच इसबगोल. त्याची देशातली मोठी बाजारपेठ गुजरातेत उंझ्याला आहे.

प्रोटीनची लाट ओसरायच्या आत फायबरची आली आहे. २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर ‘फायबरमॅक्सिंग’ नावाचं खूळ सुरू झालं, म्हणजे दिवसभरात जमेल तितकं फायबर पोटात ढकलायचं आणि त्याचे व्हिडिओ टाकायचे. एरवी असल्या खुळांवर मी चिडतो, पण या वेळी मूळ मुद्दा खरा आहे. गंमत एवढीच, की फायबर आपल्या घरात पोत्यानं येतं. आपण ते चाळून, गाळून, सोलून बाहेर टाकतो आणि मग डब्यात घालून परत विकत आणतो.

## चोथा म्हणावं का?

भात, पोळी, बटाटा यांतल्या पिठूळ भागाचे लहान आतड्यात तुकडे होतात, त्यांची साखर होते आणि ती रक्तात जाते. वनस्पतीतला काही भाग मात्र आपल्या पाचकरसांना फोडताच येत नाही. तो तसाच पुढे सरकत मोठ्या आतड्यात पोचतो. त्याला फायबर म्हणायचं. शाळेच्या पुस्तकातला शब्द ‘तंतुमय पदार्थ’, घरातला शब्द ‘चोथा’.

दोन्ही शब्द जरा फसवे आहेत. शेवग्याच्या शेंगेचे धागे किंवा रसवंतीच्या मागे पडलेला चिपाडांचा ढीग डोळ्यांपुढे आला की वाटतं, फायबर म्हणजे काहीतरी चिवट आणि दोरीसारखं. पण पेरूची जेली ज्याच्यामुळे जमते ते पेक्टिनही फायबरच. भेंडी चिरताना सुरीला येणारी तारही फायबरच. त्यात धागा कुठेच नाही. जाता जाता सांगतो, पोषणाच्या तक्त्यांत शेवग्याचा आकडा भारी दिसतो, पण त्यातलं बरंचसं आपण चोखून ताटाच्या कडेला ठेवतो. ते पोटात जात नाही, तेव्हा ते हिशेबात धरू नये.

फायबर फक्त वनस्पतींत असतं. दूध, दही, अंडी, मासळी, मटण यांत ते शून्य. तेल, तूप, साखर यांतही शून्य.

## पचत नाही, तर खायचं कशाला?

हा प्रश्न रास्त आहे आणि डॉक्टरांनाही तो बराच काळ पडला नव्हता. पचत नाही म्हणजे टाकाऊ, असंच धरलं जायचं.

कोंड्यासारखं, पाण्यात न विरघळणारं फायबर पाणी धरून ठेवतं. त्यानं मल मऊ आणि भरदार होतो, आतड्याला तो पुढे ढकलणं सोपं जातं. हे काम सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून फायबर म्हटलं की लोकांना बद्धकोष्ठताच आठवते.

दुसरी जात पाण्यात फुगून बुळबुळीत होणारी. फालुद्यातला सब्जा आठवा. कोरडा असताना मोहरीहून बारीक दाणा, भिजल्यावर प्रत्येकाभोवती काचेसारखं आवरण. इसबगोल, मेथीदाणे, ओट्स, जव, पेरू, सफरचंद यांतलं असं फायबर पोटात गेलं की जेवणाचा सगळा घोळ दाट होतो. दाट आमटी झाऱ्यातून पटकन गळत नाही, तसं अन्न जठरातून हळूहळू पुढे जातं आणि साखर रक्तात एकदम न उसळता रमतगमत येते. पोटही जास्त वेळ भरलेलं वाटतं.

याच बुळबुळीत फायबरचं कोलेस्टेरॉलशी एक नातं आहे. यकृत कोलेस्टेरॉल वापरून पित्त बनवतं. जेवणातली चरबी पचवून झाली की हे पित्त बहुतेक सगळं आतड्यातून पुन्हा शोषलं जातं आणि यकृताकडे परत येतं, सोडावॉटरच्या काचेच्या बाटल्या जशा कारखान्यात परत जातात तशा. फायबर त्यातल्या काही बाटल्या अडकवून शरीराबाहेर नेतं. मग यकृताला नव्या बाटल्या बनवाव्या लागतात आणि त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं. याचा परिणाम खरा आहे, पण बेताचा. डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करून इसबगोलावर भागवण्याइतका नाही.

तिसरं काम मला सगळ्यांत नवलाचं वाटतं. आपल्या मोठ्या आतड्यात अक्षरशः लाखो कोटी जिवाणू राहतात. आपल्याला न पचणारं फायबर हे त्यांचं जेवण. गाय कडबा खाऊन दूध देते, तेही तिच्या पोटातल्या जिवाणूंच्या जिवावर. आपल्याकडे तसला गोठा छोटा आहे, पण आहे. हे जिवाणू फायबर आंबवतात आणि त्यातून काही आम्लं तयार होतात. त्यातलं एक ब्युटिरेट. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा या ब्युटिरेटमधून घेतात, रक्तातल्या साखरेतून नाही. म्हणजे उसळ खाता तेव्हा तुम्ही एका पंगतीला वाढता आणि ती पंगत तुमच्या आतड्याला वाढते.

इथे कुणीतरी म्हणेलच, की साजूक तुपातही ब्युटिरिक आम्ल, म्हणजे हे ब्युटिरेटच, असतं, मग तूपच खाऊ. असतं, थोडंसं. पण ते वरच्यावर शोषलं जातं, मोठ्या आतड्यापर्यंत पोचत नाही. तूप वरणभातावर छान लागतं म्हणून खावं.

## हे कळलं कसं?

डेनिस बर्किट नावाचे एक आयरिश सर्जन युगांडात बरीच वर्षं काम करत होते. लहान मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका कर्करोगाला आज त्यांचंच नाव आहे. त्यांच्या लक्षात आलं, की इंग्लंडमधले सर्जन ज्यांवर रोज शस्त्रक्रिया करतात ते आतड्यांचे कितीतरी आजार युगांडाच्या खेड्यांत जवळपास दिसतच नाहीत. मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक काम केलं, जे करायला कुणी सहसा धजत नाही. त्यांनी लोकांच्या मलाचं वजन केलं आणि खाल्लेलं बाहेर पडायला किती वेळ लागतो ते मोजलं. हे काम १९७२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. भरपूर फायबर खाणाऱ्या खेडुतांचा मल वजनानं इंग्रजांच्या कैक पट, आणि अन्नाचा प्रवास साधारण दीड दिवसात पुरा. इंग्रजांना त्याला तीन दिवस लागत.

“हे शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरं,” असं वडील नेहमी म्हणत. फायबरच्या बाबतीत ते खरं ठरलं होतं. बर्किट यांनी दोन गोष्टी शेजारी शेजारी पाहिल्या होत्या, एकीमुळे दुसरी होते हे सिद्ध केलं नव्हतं. खेडूत चालतही जास्त होते आणि तंबाखू, साखर, मांस यांचं त्यांचं प्रमाणही निराळं होतं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ८९ हजार परिचारिकांच्या पाहणीत फायबरचा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी काही संबंध दिसला नाही. २००३ मध्ये युरोपातल्या दहा देशांतल्या पाच लाखांहून जास्त लोकांच्या पाहणीत तो दिसला. पारडं बरंच स्थिरावलं ते २०१९ मध्ये. न्यूझीलंडच्या संशोधकांनी दीर्घकाळ चाललेल्या १८५ पाहण्या आणि ५८ प्रयोग एकत्र तपासले. जास्त फायबर खाणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि एकूण मृत्यू यांचं प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळलं. सर्वाधिक फायदा दिवसाला २५ ते २९ ग्रॅमच्या आसपास दिसत होता.

## आपलं ताट कुठे बसतं?

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था १००० कॅलरींमागे १५ ग्रॅम धरते, म्हणजे २००० कॅलरी खाणाऱ्याला ३०. त्याच संस्थेच्या तक्त्यांवरून मी आमच्या घरच्या एका दिवसाचा हिशेब मांडला.

सकाळी शेंगदाणे घातलेले बशीभर कांदेपोहे, साधारण ४ ग्रॅम. दुपारी तीन पोळ्यांचे ९, बटाट्याच्या भाजीचे २, वाटीभर वरणाचे २, मूदभर भाताचा १. संध्याकाळी चहा आणि चार बिस्किटं, धरायलाच नकोत. रात्री मुगाच्या डाळीची खिचडी, ४ ते ५. बेरीज २२-२३. मी जरा खट्टू व्हायच्या तयारीत बसलो होतो, पण हे साधं मध्यमवर्गीय जेवण जवळपास काठावर पास आहे.

आता भाच्याचा दिवस. सकाळी पांढरा ब्रेड-बटर, दुपारी ऑफिसखाली दोन वडापाव, रात्री मागवलेलं पनीर आणि मैद्याचं नान. कसंही ओढूनताणून बारा-तेराच्या वर जात नाही. त्याला डब्याची गरज का वाटली ते कळलं.

काठावरून वर यायला आमच्या घरी दोनच बदल पुरले. बटाट्याच्या जागी मटकीची उसळ, आणि संध्याकाळच्या बिस्किटांच्या जागी एक पेरू. शंभर ग्रॅम पेरूत ८ ग्रॅमच्या वर फायबर असतं. कोशिंबिरीवर मात्र फार भरवसा ठेवू नका. काकडी हे बहुतांशी पाणी. वाटीभर कोशिंबीर खावी जरूर, पण तिनं ग्रॅम-दोन ग्रॅमच्या वर काही हाती लागत नाही.

## आता ती चाळण

माझी मावशी गव्हाचं दळण आणलं की मैद्याच्या चाळणीनं चाळते. पोळी कशी रेशमासारखी झाली पाहिजे. तिच्याकडे गेलो असताना चाळणीवर उरलेला कोंडा मी वाण्यासारखा काट्यावर ठेवला. किलोभर पिठाचा साठ ग्रॅम. गव्हाच्या कोंड्यात शंभराला ४० ग्रॅमच्या आसपास फायबर असतं, म्हणजे या मूठ-दोन मुठींत २४ ग्रॅम. अख्ख्या किलोभर कणकेत मुळात ते ११० च्या घरात. पाचवा हिस्सा मावशीनं गाईला घातला होता. गाईचं भलं झालं.

मैदा म्हणजे हीच चाळण शेवटपर्यंत चालवली तर जे उरतं ते. कणकेत शंभराला ११ ग्रॅम फायबर, मैद्यात पावणेतीन. डाळींचंही तसंच. अख्ख्या हरभऱ्यात २५ ग्रॅम, हरभऱ्याच्या डाळीत १५. अख्ख्या मुगात १७, मुगाच्या डाळीत ९. फरक सालाचा. मोसंबीचा रस गाळला की फायबर गाळणीत आणि साखर पेल्यात.

किडे आणि खडे काढायला चाळावंच लागतं हे मान्य, पण त्याला मोठ्या भोकांची चाळण पुरते. कणीक जरा सैल मळून अर्धा तास झाकून ठेवली की कोंडा पाणी पितो आणि पोळी मऊ होते. मावशीला हे सांगून पाहिलं. ती हसली आणि चाळत राहिली. त्याच मावशीच्या घरी दोडक्याच्या शिरांची चटणी मात्र मी लहानपणापासून खात आलोय. शिरा टाकायच्या नसतात हे तिला पक्कं ठाऊक आहे.

शिजवल्यानं फायबर जातं का, असं बरेच जण विचारतात. मऊ होतं, जात नाही. मिक्सरमध्ये वाटल्यानंही जात नाही. गाळलं की जातं.

## म्हणजे पोळीपेक्षा भाकरी बरी ना?

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तेव्हापासून भाकरीला चांगले दिवस आलेत. मला भाकरी पोळीपेक्षा जास्त आवडते, तरी आकडे सांगतो. ज्वारीत शंभराला १० ग्रॅम, बाजरी आणि नाचणीत ११, न चाळलेल्या कणकेत ११. फायबरपुरतं बोलायचं तर सगळी एकाच बाकावरची मुलं. भाकरीचा फायदा असा, की तिचं पीठ कुणी मैद्याच्या चाळणीनं चाळत बसत नाही आणि तिच्यात चोरून मैदा घालता येत नाही. पण भाकरीतही पिठूळ भाग आहेच आणि त्याचीही साखर होते. ‘भाकरीनं शुगर वाढत नाही’ म्हणून दोनाच्या चार खाणारे मधुमेही माझ्या ओळखीत आहेत. त्यांचे रिपोर्ट भाकरीला ओळखत नाहीत.

## पाकिटावरचं ‘हाय फायबर’

आपल्याकडच्या नियमानुसार शंभर ग्रॅममध्ये ३ ग्रॅम फायबर असलं की पाकिटावर ‘फायबरचा स्रोत’ म्हणता येतं आणि ६ असलं की ‘फायबरनं समृद्ध’. या मापानं गिरणीतून आलेलं गव्हाचं, ज्वारीचं किंवा बाजरीचं पीठ समृद्धच ठरेल, फक्त त्याला पाकीट नसतं. बिस्कीट साधारण आठ-दहा ग्रॅमचं. सहा टक्क्यांच्या हिशेबानं एका बिस्किटात अर्धा ग्रॅम फायबर. एका ज्वारीच्या भाकरीइतकं मिळवायला दहा-बारा बिस्किटं, आणि त्यातली साखर नि तेल वरकड.

पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. वजनानं जे सर्वांत जास्त ते पहिलं लिहावं लागतं. ‘मिलेट’ म्हणून मिरवणाऱ्या किती वस्तूंत पहिलं नाव मैद्याचं निघतं ते बघा. ब्राऊन ब्रेडच्या रंगावरही जाऊ नका, तपकिरी रंग बाटलीतूनही येतो.

## “मला फायबर सोसत नाही, गॅस होतो”

खोटं नाही. जिवाणू जेवले की वायू होणारच. पण आज बारा ग्रॅम खाणाऱ्यानं उद्या चाळीस खाल्लं तर तो पंगतीचा दोष नाही. पाच माणसांच्या स्वयंपाकघरात पन्नास पानं वाढायला सांगितली तर गोंधळ होतोच. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या, वायू करणाऱ्या साखरेचा काही भाग त्यासोबत जातो. आणि फायबर वाढवताना पाणीही वाढवा, नाहीतर मऊ व्हायच्या ऐवजी घट्ट होईल.

काहींचं आतडं मुळात हळवं असतं, त्यांना कोंडा आणखी त्रास देतो. त्यांनी इतरांचं ऐकून रेटू नये. ज्यांचं आतडं कुठे अरुंद झालंय, पोटाची शस्त्रक्रिया नुकती झालीय किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

## शिळ्या भातात जादू आहे का?

थोडीशी. शिजलेला भात गार झाला की त्यातल्या काही पिठूळ भागाची, म्हणजे स्टार्चची, रचना बदलते आणि तो भाग फायबरसारखा न पचता पुढे जातो. परत गरम केला तरी त्यातलं बरंच टिकतं. पण त्यानं भाताचा पेरू होत नाही. शिवाय रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जिवाणूंचं विष तयार होऊ शकतं, ते गरम केल्यानं जात नाही. उरलेला भात लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी खुशाल फोडणी घाला.

## कोंड्यामुळे लोह कमी पडतं म्हणतात

हा आक्षेप जाणकारांचा आहे. धान्याच्या कोंड्यात आणि कडधान्यांत फायटेट नावाचा एक पदार्थ असतो. तो लोह आणि जस्त पकडून ठेवतो, त्यामुळे ते नीट शोषले जात नाहीत. यावरचा उतारा आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. मटकीला मोड आणले की फायटेट कमी होतं. उसळीवर लिंबू पिळलं की त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. लहान मुलांची गोष्ट वेगळी. त्यांचं पोट लहान, ते चोथ्यानंच भरलं तर बाकीच्याला जागा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी १५ ग्रॅमच सांगितलं आहे.

राहता राहिला भाच्याचा डबा. इसबगोल वाईट नाही, बद्धकोष्ठतेवर ते चांगलं काम करतं. मात्र ते कोरडं तोंडात टाकू नये. पेल्यात पाच मिनिटांत खळ होते तशी ती घशात किंवा अन्ननलिकेतही होऊ शकते. पेलाभर पाण्यात घ्यावं, वर आणखी पाणी प्यावं. आणि इतर औषधं, विशेषतः थायरॉइडची गोळी, त्याच्यासोबत घेऊ नये, कारण खळीत गोळीही अडकते. दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवावं. आई थायरॉइडची गोळी सकाळी सहाला घेते आणि इसबगोल रात्री झोपताना. असं का, ते तिला कुणी समजावलेलं नव्हतं. पुडीवर लिहिलंय म्हणाली.